बेताचे मार्क

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥
मु. औंढे, ता. मावळ
१२ मे १९३८

चिरंजीव महिपतीस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हितली खुशाली विचारू नकोस, सांगायला बसले तर दत्तोबाची शाई संपंल. दत्तोबा पोस्टमन मंगळवार-गुरुवार लोणावळ्याहून टपाल आणतो, तेव्हा मी ओट्यावर बसून बोलते आणि तो लिहितो. मला अक्षर येत न्हाई, त्यामुळं तो काय लिहितो ते त्याला आणि देवालाच ठाऊक. आज बजावलंय की एक शब्द गाळलास तर चहात गूळ पडणार न्हाई.

पहिली गोष्ट, आणि ही दोनदा वाच. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी बांधावर मारामारी झाली तेव्हा तू हितं नव्हतास. परीक्षेचा शीण घालवायला तू दोन दिवस आधीच पुण्याला रतनआत्याकडं गेला होतास. रखमाजीच्या बजरंगाच्या मनगटावर कोयता घातला तो तुझ्या काकानं, अंबाजीनं. अंबाजीनं फौजदाराला तसं स्वतः सांगितलं. रखमाजीनंही तेच सांगितलं, त्याच्या आईनं, झुंबरबाईनंही तेच. आपण एका पणज्याची पणतवंडं असून दोन्ही घरांचं तीस वर्षांत एका गोष्टीवर एकमत झालं, ते हे.

पुण्यात कुणी विचारलं तर भांडण कशावरनं ते नीट सांग. बांधावरचं ऐनाचं झाड कुणाचं, हे ठरवता ठरवता तुझा आजा गेला आणि झुंबरबाईचा नवरा गेला. त्या ऐनाच्या फांद्या आपण उतरवून वाळवल्या होत्या, राब भाजायला. रोपाची जमीन फांद्या रचून भाजली न्हाई तर भाताचं रोप धरत न्हाई, हे तितल्या लोकांना समजावून सांगावं लागंल. रखमाजी पोराला घेऊन ते भारे उचलायला आला. पुढं कोयता.

त्याच दिवशी त्यांनी आपली पेंढ्याची गंज पेटवली. झळ गोठ्याला लागली. एक बैल दावं तोडून सुटला. दुसऱ्याचं, माणक्याचं, दावं जळेस्तोवर त्याच्या पाठीची कातडी सोलून लोंबत होती. तीन दिवस उभाच होता, खाली बसवंना. चौथ्या दिवशी उभ्या उभ्या कोसळला. झुंबरबाई तिच्या दारातनं ऐकवत होती की बैल बाजारात मिळतो, हात मिळत न्हाई. ती खरं बोलत होती, म्हणून मला तिचा जास्त राग आला.

बजरंग पुण्याच्या सरकारी दवाखान्यात आहे. मनगटापासनं हात गेला, टोक शिवून घेतलं म्हणतात. तू तिकडं फिरकू नकोस.

मॅट्रिकचा निकाल लागला की कळव. तू पहिल्यापासनं मधला. बाक मधलं, नंबर मधला, जेवायलाही ना पहिल्या पंगतीला ना शेवटच्या. मला त्याचं वाईट न्हाई वाटत. पण या खेपेला कालेजात जागा मिळव. घरातलं एक माणूस तुरुंगात आणि एक कालेजात असलं की लोकांना नेमकं काय बोलावं ते सुचत न्हाई.

लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवलास तर तिकीट जास्त लागंल.

तुझी आजी विठाबाई
हस्ते दत्तोबा


पुणे
११ जून १९३८

तीर्थस्वरूप आजीच्या चरणी महिपतीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. निकाल लागला. मी पास झालो आहे. सातशेपैकी दोनशे त्र्याहत्तर. याला इथे पास क्लास म्हणतात, म्हणजे क्लास नाही पण पास आहे. बजरंग फर्स्ट क्लासमध्ये आला. त्याचा नंबर कोपऱ्यावरच्या दुकानात वर्तमानपत्रात वाचला. वरून शोधायला लागलो तर लगेच सापडला. माझा सापडायला चहा गार झाला. ते पेपर त्याने मार्चमध्ये उजव्या हाताने लिहिले होते.

चार ठिकाणी जाऊन आलो. पहिल्या कॉलेजातल्या कारकुनाने माझा मार्कांचा कागद पाहून शेजारच्या कारकुनाला बोलावलं, आणि दोघांनी मिळून तो वाचला. फर्स्ट क्लासवाले आणि सेकंड क्लासवाले बसून जागा उरली तर या, असं म्हणाले. दुसरीकडे सायन्सला गणितात निम्मे मार्क लागतात, मला अडतीस. ओव्हरसियरच्या वर्गात चित्रकला पाहतात. चौथं आर्ट्सचं कॉलेज नवीन आहे. तिथले प्रिन्सिपॉल जूनअखेर माझ्यासारख्यांना भेटणार आहेत. पण त्यांना शाळेच्या हेडमास्तरांचा वर्तनाचा दाखला लागतो. ज्यांच्या मार्कांत काही नाही त्यांच्या वर्तनात तरी काही असावं, असं तिथल्या कारकुनाने मला समजावून सांगितलं. माणूस चांगला होता.

तू फिरकू नकोस म्हणालीस, तरी मी दवाखान्यात गेलो. व्हरांड्यातून पाहिलं. ते जखमेची पट्टी बदलत होते. आतला कापूस चिकटला होता, तो ओढताना बजरंगने टॉवेल दातांत धरला होता आणि त्याचे पाय खाटेवर आपटत होते. दोन माणसांनी ते दाबून धरले. त्या टोकाकडे मी पाहिलं. लाल नव्हतं, काळपट होतं. मी नळावर जाऊन हात धुतले. त्याने मला पाहिलं की नाही, सांगता येत नाही.

काकांना आत्या येरवड्याला भाकरी देऊन आली. त्यांनी माझा निकाल विचारला. आत्याने पास झाला एवढंच सांगितलं. ते खूश झाले म्हणे.

आजी, त्या दिवशी मी तिथे नव्हतो हे मी दोनदा नाही, रोज वाचतो. पाठ होत नाही. पाठांतरात मी कच्चा आहे, हे तुला माहीत आहेच.

कृपा कमी होऊ देऊ नकोस.

तुझा नातू
महिपती


॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥
मु. औंढे
२१ जून १९३८

चिरंजीव महिपतीस आशीर्वाद. वि. वि.

तू पास झालास म्हणून मी गूळ वाटला. पोलीस पाटलानं विचारलं, कितवा आला. मी म्हटलं, गूळ गोड लागतोय का ते सांगा. दत्तोबा म्हणतो दोनशे त्र्याहत्तर म्हणजे कारकुनी नक्की आणि पोस्टमनकी तर हातची. मी म्हटलं, दुसऱ्याची पत्रं वाचायची हौस असंल तर पोस्टमनकी बरी. ते त्यानं आधी लिहिलं न्हाई. वाचून दाखवायला लावलं तेव्हा लिहिलं.

तुझ्या दाखल्यासाठी मी बैलगाडीनं लोणावळ्याला गेले. एक बैल आपला, एक मागून आणलेला. हेडमास्तरांना तुझं नाव सांगितलं तर त्यांना तोंडवळा आठवंना, आठ वर्षं तुला शिकवून. मी म्हटलं तिसऱ्या बाकावरचा, खिडकीपासनं दुसरा. मग आठवला. त्यांनी लिहिलं की वर्तन चांगलं आणि स्वभाव शांत. दत्तोबानं ते मला वाचून दाखवलं. शांत हा शब्द मी आणखी एकदा वाचायला लावला. दाखला पत्रासोबत आहे, घामाचा हात लावू नकोस.

हितं पेरा चालू आहे. परवा बहिरू आपल्या रोपाला बी फेकत होता. गरीब माणूस, वरच्या वाडीवरनं रोज तीन कोस चालत येतो. रखमाजी दोघांना घेऊन आला आणि बहिरूला विचारलं की कुणाच्या जमिनीत बी टाकतोस. त्यानं आपल्या घराकडं बोट दाखवलं. रखमाजीनं दांडक्यानं त्याच्या नडगीचे दोन तुकडे केले. हाड मोडल्याचा आवाज मी चुलीपाशी ऐकला, मला वाटलं सरपण फोडतायत. बाहेर येऊन मी दगड उचलला. तो रखमाजीच्या भुवईवर बसला, चांगली फाटली. माझं वय सत्तर, पण नेम अजून फर्स्ट क्लासचा आहे. बहिरूला खाटेवर घालून कामशेतच्या वैद्याकडं नेला. वैद्यानं पाय ओढून बांधला तेव्हा बहिरूनं स्वतःचाच दंड चावला. आता तो वर्षभर पेरणीला येणार न्हाई.

नंदाबाईनं तुझे मार्क विचारले. मी सांगितले. तिनं तव्यावरची भाकरी जळू दिली. नवरा तुरुंगात म्हटल्यावर तुझ्या काकीला राग येणारच. तिच्या दोन्ही पोरी आता माझ्यापाशी निजत न्हाईत.

कोर्टाची तारीख एक ऑगस्ट आहे. तोवर तू कालेजात बसलेला असलास म्हणजे झालं. बाकी मी बघते.

लोभ मोजायचं माप माझ्यापाशी न्हाई, तू अंदाजानं घे.

आजी विठाबाई
हस्ते दत्तोबा


मु. औंढे
३० जून १९३८

महिपती यास झुंबरबाईकडून. हितं आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे, तो दत्तोबानं मनात म्हणावा. मी म्हणत न्हाई.

अक्षर ओळखीचं वाटलं असंल. तुझ्या आजीचं पत्र लिहितो तोच हे लिहितोय. त्याच्या पोटात दोन्ही घरं आहेत, आणि एकातलं दुसऱ्यात सांडत न्हाई. सांडलं तर त्याची नोकरी जाईल, हे मी त्याला सांगून ठेवलंय.

बजरंगाला त्या दिवशी गाडीत घालून लोणावळ्याला नेला तेव्हा त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. हात लुगड्यात गुंडाळला होता, तरी रक्त फळ्यांतनं रस्त्यावर गळत होतं, मागनं कुत्री चाटत येत होती. त्यानं मला तेव्हाच सांगितलं की कोयता तुझा होता. रखमाजी म्हणाला, पोराला आत घालून काय मिळणार, त्यांच्या घरात नांगर अंबाजी धरतो, त्याला घाला, म्हणजे जमीन पडीक पडंल. आमी अंबाजीचं नाव सांगायला गेलो तर तो तितं आधीच सांगत बसलेला. तुझ्या आजीनं त्याला पुढं केला होता तुला वाचवायला. आमाला वाटलं आमी तुमचा नांगर मोडला. तिला वाटलं तिनं नातू राखला. एकच खोटं दोन घरांनी वाटून घेतलं.

आता बजरंग म्हणतो की मी कोर्टात शपथेवर अंबाजीचं नाव घेणार न्हाई. त्याला कालेजात जागा मिळालीय, डावा हात धरून ग म भ न पासनं सुरू केलंय. फौजदारापुढं त्याच्या नावानं एक लिहिलंय आणि जज्जापुढं तो दुसरं बोलला तर खोट्या जबानीत तोच अडकंल, कालेज जाईल. हात गेलाय, डोकं शिल्लक आहे, तेही जाईल. मी त्याला कसंबसं गप्प बसवलंय. पण तू जर पुढं आलास तर त्याला बोलावंच लागंल.

म्हणून सांगते, तू गप्प राहा. जन्मात पहिल्यांदा मी तुमच्या घराकडं काही मागते. शीक, मास्तर हो, लग्न कर, तुला पोरं होवोत. आणि दर जेवणाला घास उचलशील तेव्हा स्वतःच्या उजव्या हाताकडं बघ. एवढंच माझं मागणं आहे, आणि ते तू टाळू शकणार न्हाईस.

उत्तर पाठवू नकोस.

झुंबरबाई
हस्ते दत्तोबा


पुणे
९ जुलै १९३८

तीर्थस्वरूप आजीस महिपतीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

मला आर्ट्सच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. प्रिन्सिपॉलसाहेबांनी दाखला वाचला, मार्क वाचले आणि म्हणाले की मला मधली मुलं घ्यायला आवडतात. फार हुशार मुलं कधी काय करतील नेम नसतो. मधल्यांच्या हातून फारसं काही बिघडत नाही. मी होय म्हणालो. बाहेर येऊन जिन्यात बसलो. माझ्यामागच्या मुलाला वाटलं मला नकार मिळाला, त्याने पाणी आणून दिलं.

बजरंग त्याच वर्गात आहे. त्याला मोठ्या कॉलेजातही घेत होते, पण इथले प्रिन्सिपॉल त्याची फी माफ करणार आहेत. तो पहिल्या बाकावर बसतो. कोटाची उजवी बाही आत दुमडून टाचणी लावलेली असते. डाव्या हाताने लिहितो, एका ओळीला पान सरकतं, मग ते छातीने दाबून धरतो.

तिसऱ्या दिवशी एका मुलाने त्याला विचारलं की दुसरा हात घरी विसरलास काय. मला काय झालं ते सांगता येत नाही. मी त्या मुलाचे केस धरून त्याचं तोंड बाकावर आपटलं. पुन्हा आपटलं. नाक फुटलं तरी सोडत नव्हतो. चौघांनी ओढून काढलं. बजरंग मान वळवून बघत होता. मुलं पांगल्यावर तो माझ्यापाशी आला. दोन महिन्यांत प्रथमच बोलला. म्हणाला की तुला एकच उत्तर येतं, प्रश्न कुठलाही असो.

मग म्हणाला की बांधावर तुझी आजी काय ओरडली ते मी ऐकलं होतं. हे त्याने कोणालाच सांगितलेलं नाही, झुंबरआजीलाही नाही. त्याने मला विचारलं की ती ओरडली नसती तर तू मारलं असतंस का. मी बाकावरचं रक्त सदऱ्याच्या बाहीने पुसायला लागलो. तो म्हणाला, बघ विचार करून, वेळ भरपूर आहे.

झुंबरआजीचं पत्रही मला आलं आहे. ती गप्प राहा म्हणते. तू गप्प राहा म्हणतेस. दोघींनी मिळून सांगितलेलं मोडायची ही माझी पहिलीच वेळ असेल. एक तारखेला मी कोर्टात जाणार आणि कोयता माझा होता म्हणून सांगणार आहे. काका माझ्या दोनशे त्र्याहत्तर मार्कांवर तुरुंगात बसले आहेत. जे मार्क पाहून कारकून हसतात, त्यावर.

रागावू नकोस. माझ्यावर माया आहे तशीच राहो.

महिपती


॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥
मु. औंढे, गावची चावडी
१९ जुलै १९३८

चिरंजीव महिपतीस आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मी ओट्यावर बसून सांगत न्हाई, चावडीत बसून सांगते. पोलीस पाटील आहेत, रखमाजी आहे, झुंबरबाई आहे, नंदाबाई दाराशी उभी आहे. दत्तोबा याच्या दोन प्रती करणार. एक तुला आणि एक जज्जसाहेबांना. ज्यांना ऐकायचं न्हाई त्यांनी उठून जावं, असं सांगितलं. कुणी उठलं न्हाई. गावात दुसरी करमणूक न्हाई.

त्या दिवशी तू बांधावर होतास. पुण्याला न्हाई. पुण्याला मी तुला त्या संध्याकाळच्या गाडीनं पाठवलं, सदऱ्यावरचं रक्त धुऊन. बजरंगानं भाऱ्याची दोरी धरली होती. तू कोयता घेऊन त्याच्यासमोर उभा होतास, परीक्षेत बसावं तसा, ना पुढं ना मागं. अंबाजी आणि रखमाजी पलीकडं एकमेकांच्या छातीवर होते. मी बांधावर उभी होते आणि ओरडले की हात तोड त्याचा. हेच शब्द. दत्तोबा, हेच लिही, गोड करू नकोस.

लोक म्हणतील रागात माणूस काहीही बोलतं. मीही जन्मभर बोलले. कुणाची मान मोड म्हटलं, कुणाच्या घराला आग लाव म्हटलं. ऐकणारे हसायचे आणि कामाला लागायचे. तुझं तर लहानपणापासनं सांगितलेलं काम निम्मं व्हायचं. पाणी आण म्हटलं की अर्धी घागर, गुरं वळव म्हटलं की चारांतली दोन. मला कुठं ठाऊक, की त्या दिवशी तू सांगितलेलं पुरतं करशील.

हात तुटून खाली पडल्यावरही बोटं दोरी धरून होती. मी ते बघितलं. तूही बघितलंस.

मग मी अंबाजीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, तू केलंस असं सांग. त्यानं एकच विचारलं की पोरगं खरंच शिकंल का. मी म्हटलं शिकंल. तुझा बाप नथू मानमोडीच्या साथीत गेला तेव्हा तू आईच्या पोटात होतास, तुला अंबाजीनंच वाढवलं. त्यानं पुन्हा विचारलं न्हाई. दोनशे त्र्याहत्तर मार्कांत माणूस किती शिकतो हे मला ठाऊक न्हाई, मी जन्मात एकही मार्क मिळवलेला न्हाई. तरी मी पोटचा पोर त्यावर लावला. थोरल्याचा पोर मोठा करायला धाकटा बुडवला. नंदाबाई, तू मला भाकरी जळकी वाढतेस ते बरोबर करतेस.

हितं रखमाजी उठला आणि त्यानं माझ्या तोंडात मारली. दत्तोबानं टाक खाली ठेवला. मी म्हटलं, हेही लिही. ओठ फुटलाय, बोलताना थुंकी लाल येते, पण मला बोलता येतं. पाटलांनी त्याला मागनं धरला. झुंबरबाई तिच्या लेकाला म्हणाली की तिला पुरतं बोलू दे, मग मार. एवढं तिनं माझ्यासाठी केलं.

बजरंगानं जबानी खोटी दिली न्हाई. फौजदार आला तेव्हा तो बेशुद्ध होता, त्याच्या नावानं मोठी माणसं बोलली. जज्जसाहेबांनी हे ध्यानात घ्यावं. एक ऑगस्टला मी स्वतः येऊन हेच सांगणार.

आता तुझं. तू लिहिलंस की मी कोर्टात जाणार. मी तुला जा म्हणत न्हाई. जाऊ नकोस असंही म्हणत न्हाई. गेलास तर कालेज गेलं. न गेलास तर मी एकटी बोलीन आणि म्हातारी पोराला वाचवायला बोलते म्हणून सोडून देतील, अंबाजी आतच राहील. दोन्ही तुला सांगून झालं. यापुढं मी तुला काही करायला सांगणार न्हाई. माझ्या सांगण्याचं काय होतं ते गावानं बघितलंय.

लोभाचं तुझ्यावर सोडते.

विठाबाई, अंगठा
हस्ते दत्तोबा, पोस्टमन


मु. औंढे
२७ ऑक्टोबर १९३८

चिरंजीव महिपतीस आजीचे आशीर्वाद. वि. वि.

अक्षर वाकडं आहे. हे पत्र बजरंग लिहीत आहे. दत्तोबाला कोर्टात साक्षीला उभं केलं, आणि परत आल्यावर त्याच्या साहेबाने त्याला तंबी दिली की टपाल वाटायचं, जबान्या घ्यायच्या नाहीत. त्याने गावात पत्रं लिहिणं सोडलं. तुझं धारवाडचं पत्र आलं ते मी पंधरा दिवस कमरेला बांधून फिरले, वाचायला कोणी नाही. बजरंग दिवाळीच्या सुटीला आला, तेव्हा झुंबरबाईच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले. तिने बसायला जोतं दाखवलं. म्हणाली की त्याला परीक्षेसाठी डाव्या हाताने पानं भरायचीच आहेत, तुझी भरली काय आणि आणखी कोणाची भरली काय. पण तो लिहिताना तू दुसरीकडे बघायचं नाही. मी बघत बसले आहे. कागद सरकू नये म्हणून तो उजव्या मनगटाने दाबतो. टोकाची कातडी अजून पातळ आहे, पानावर ओल उमटते.

मी दहा वाक्यं सांगते तेव्हा तो तीन लिहितो, तीही पुण्याच्या भाषेत. मी कुरकुर करत नाही.

तुझं पत्र त्याने वाचून दाखवलं. तिथल्या मुलांनी तुझे दोन दात पाडले आणि तू हात उचलला नाहीस, हे वाचताना तो थांबला नाही. तिथे सुतारकाम शिकवतात आणि हातात करवत देतात, हे वाचताना मात्र थांबला.

कोर्टात माझं नाव पुकारण्याआधी तू उठून उभा राहिलास. मी सांगितलं नव्हतं. ते एक काम तू आपल्या मनाने केलंस, हे मी लोकांना सांगत असते. जज्जसाहेबांनी एकोणीस वर्षांचा म्हणून तुला मोठ्या तुरुंगात न घालता तीन वर्षं धारवाडच्या पोरांच्या तुरुंगशाळेत घातलं. कॉलेजने नाव काढलं आणि सरकारने शाळेत घातलं. तिथे दाखला न मागता प्रवेश मिळतो, हे मला आधी माहीत असतं तर लोणावळ्याची खेप वाचली असती. मला शिक्षा म्हणून कोर्ट उठेपर्यंत बसवून ठेवलं. बाकड्यावर ढेकूण होते.

अंबाजी सुटून आला. खोटं बोलला म्हणून त्यालाही जज्जसाहेब फार बोलले, पण तीन महिने आत काढले ते पुरे म्हणाले. शेतात जातो. माझ्याशी बोलत नाही. मी वाढलेलं खातो, ताट स्वतः धुतो. नंदाबाई आता भाकरी जाळत नाही. रखमाजीने राबाच्या फांद्या यंदा तोडल्या नाहीत, आम्हीही तोडणार नाही. ऐन वाढतो आहे, दोघांच्याही शेतावर सावली पाडतो, त्याखाली भात पिवळा पडला. बहिरू लंगडत बाजाराला जातो.

तू विचारलं आहेस की सुटून आल्यावर एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, पास क्लासवर आणि या शिक्क्यावर, कोणतं कॉलेज घेईल. मी बजरंगला विचारलं. तो म्हणतो की कोणतंही घेणार नाही. पण बाहेरून परीक्षा देता येते, तिथे तोंड पाहत नाहीत, पेपर पाहतात. तो दरवर्षी पुस्तकं वाचून झाली की पाठवणार आहे. त्याला ती नंतर लागत नाहीत, असं तो म्हणतो.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती मी मे महिन्यातच सांगायला हवी होती, तुलाही आणि त्यालाही. आज तो समोर बसला आहे म्हणून सांगते.

इथे विठाआजींनी हात जोडून जे सांगितले ते मी लिहिलेले नाही. त्यांनी दोनदा सांगितले. बाकीचे पत्र त्यांच्या सांगण्याप्रमाणे आहे.

— बजरंग